तवमणीचे हात

तवमणी अक्का आमच्या चहाच्या मळ्यावरच्या महिला समितीची अध्यक्ष झाली ती तिच्या आवाजामुळे. डोंगराच्या या टोकावरून तिनं हाक मारली की त्या टोकाची बाई दचकून टोपली सावरायची. आमच्या युनियनचे पुढारी कदिरवेल अण्णा यांना वाटलं, मे दिनाच्या लॉरीत बायका भरायला आणि घोषणा द्यायला ही बरी आहे. समितीचं काम तेवढंच होतं: समई लावा, पाहुण्यांना हार घाला, चहा वाटा. पानं बायकांनी खुडायची आणि साहेबाशी पुरुषांनी बोलायचं. यात मलाही तेव्हा काही वावगं वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू?

मग रासम्मा गेली.

मळ्याच्या वरच्या तुकड्यात ती माझ्या शेजारच्याच ओळीत खुडत होती. तिचा हात झुडपात गेला आणि पानांखालचं गांधीलमाश्यांचं पोळं फुटलं. तिला खाली नेलं ते चहाच्या पोत्यांमध्ये टाकून, पानाच्या लॉरीतून. दवाखाना येण्याआधीच सगळं आटपलं. मलाही मानेवर चावल्या होत्या. तोंड सुजलं, श्वास कोंडला, पण वाचले. डॉक्टरांनी बजावलं, "सिवकामी, पुन्हा चावल्या तर काही खरं नाही." त्या दिवसापासून घशाखाली रोटी उतरेना. माशी घोंगावली तरी मी पदर तोंडावर ओढायची.

मळ्याच्या मोठ्या साहेबांना आम्ही दोरै म्हणतो. दोरैंनी निरोप धाडला, "वाईट झालं. पण बायांनी बघून हात घालायला हवा." आणि आठवड्याच्या आत पुन्हा वरच्या तुकड्यात कामाला जायचा हुकूम.

कदिरवेल अण्णा म्हणाले, "मी बोलतो दोरैंशी. तुम्ही कामाला लागा."

"तुम्ही बोला अण्णा," तवमणी अक्का म्हणाली, "तोवर आम्ही बसतो. माश्यांची पोळी काढल्याशिवाय एकही टोपली वर जाणार नाही."

"बसून खाणार काय?"

"बोलणी. तुमची खातोच की रोज."

बायका हसल्या, पण ते हसणं वरवरचं होतं. सकाळी कामाला बोलावणारा तप्पूचा ढोल वाजायचा आणि आम्ही दारातच बसून राहायचो. वर पानं वाढत होती. पान वेळेवर खुडलं नाही की जून होतं, झुडूप वाया जातं. ते बघून जीव तुटायचा. पण अक्कानं ठणकावून सांगितलं होतं, "घरच्या चहापुरतंसुद्धा पान तोडायचं नाही. एकीनं खुडलं तरी दोरै म्हणणार, संप मोडला."

शेवटी दोरैंनी बोलणी करायला बोलावलं. कदिरवेल अण्णा आधीच जीपनं गेले. आम्ही अक्काच्या मागून मळ्यातल्या पायवाटेनं निघालो. कधी नव्हे ती अक्का गप्प होती. मी विचारलं, "भीती वाटते का गं?"

"वाटते," ती म्हणाली. "मी तिथं अडखळले तर उद्या तू वरच्या तुकड्यात असशील, सिवकामी."

वजनाच्या शेडजवळ मुकादम उभा होता. आम्हाला बघून त्यानं एकदम टाळी वाजवली. "वा! पुढारीण बाईंचं काम सुरू झालं वाटतं!"

आम्ही पाहिलं. अक्काच्या उजव्या मुठीत दोन पानं आणि कळी, दोन पानं आणि कळी, अशी मूठभर पानं होती. मी तिच्या मागेच चालत होते, तरी मला दिसलं नव्हतं. पापणी लवताना कुणाला दिसते? अक्का तर स्वतःच्या हाताकडे कुणा परक्याचा असावा तशी बघत राहिली. मुकादम ऑफिसकडे पळाला.

"कितीला विकलीस गं आम्हाला?" म्हाताऱ्या अंगम्मानं मागून विचारलं. अक्कानं पानं टाकली नाहीत. तशीच मूठ घेऊन ती ऑफिसात गेली, आणि आम्ही व्हरांड्यात खिडकीशी गर्दी केली.

दोरैंसमोर कदिरवेल अण्णा खुर्चीवर होते. अक्काला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"तुमची अध्यक्षच पान खुडते," दोरै म्हणाले. "म्हणजे संप संपला. उद्या वरच्या तुकड्यात जा."

कदिरवेल अण्णांनी मान खाली घातली. "मी म्हणत होतो दोरै, बायकांच्या नादी लागून..."

उद्या. मी खिडकीचे गज धरले.

अक्कानं पानं टेबलावर ठेवली. तिचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "खुडली मी, दोरै. माझ्याच हातानं. पण कधी खुडली म्हणाल, तर मला ठाऊक नाही. खुडायचं नाही असं मीच सगळ्यांना दटावलं होतं. घाबरले होते, आणि हात चालत राहिला. लहानपणापासून हेच करतोय तो, मला विचारत नाही." तिनं रिकामा हात वर धरला. "डोळा पुढच्या पानावर असतो, तोवर हात झुडपात गेलेला असतो. रासम्माचाही असाच गेला. तुम्ही म्हणालात, बघून हात घालायला हवा होता. सांगा, मी बघितलं होतं का?"

दोरै पानांकडे बघत राहिले. व्हरांड्यात अंगम्मा तोंडात पदर कोंबून रडू लागली.

मग कदिरवेल अण्णा उठले. आम्हाला त्यांना भाषणाला उठताना बघायची सवय, खुर्ची द्यायला उठताना पहिल्यांदाच पाहिलं. "बस, तवमणी," ते म्हणाले. "पुढचं तूच बोल."

दुपारपर्यंत ठरलं. पोळी जाळायची, दवाखान्यासाठी गाडी खाली उभी ठेवायची, आणि तुकडा आधी कुणीतरी तपासायचा. "तपासायला माझ्याकडे माणूस नाही," दोरै म्हणाले.

"मी आहे," अक्का म्हणाली.

पोळी जाळून झाल्यावर पहिल्या सकाळी आम्ही रिकाम्या टोपल्या घेऊन खाली थांबलो. अक्का एकटीच वर ओळींमधून फिरत होती. प्रत्येक झुडपाशी वाकून खाली बघायची, पण दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले. हातांवर तिचा भरवसा उरला नव्हता. कुठं काही सळसळलं की आम्ही श्वास रोखायचो.

"या गं!" तिची हाक डोंगरभर घुमली.

आम्ही वर गेलो, बाकीच्या खुडायला लागल्या. माझा हात काही केल्या झुडपात जाईना. अक्का माझ्या ओळीत आली, तिनं दोन्ही हातांनी झुडूप उघडून धरलं. "बघ, सिवकामी."

मी बघितलं. नुसती पानं होती. मग एक एक करून खुडायला लागले. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, हात आपला आपण चालू लागलाय. तेव्हा मला पुन्हा भीती वाटली.