गाळण्यातले जीव

आमच्या घरी गाळल्याशिवाय पाणी हंड्यात पडत नाही. आम्ही सांगलीजवळचे जैन, नदीकाठी ऊस पिकवणारे. आई विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळायची, मग कापड उलटं करून धुवायची आणि ते धुवण कळशीतून परत विहिरीत सोडायची. वरून ओतायची नाही. दोराने कळशी पाण्याला टेकवायची, मगच कलती करायची.

"वरनं टाकलं तर जीव आपटून मरत्यात," म्हणायची. "आणि ज्या पाण्यातलं हाय, त्याच पाण्यात जायाला पायजे."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. 'अधिवास' म्हणजे काय, हे सांगताना आईची कळशी सांगायचो. पोरं हसायची, पण व्याख्या विसरायची नाहीत. मला त्याचा भारी अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी विहीर हिरवीगार झाली. उसाला टाकलेला युरिया झिरपून तिच्यात उतरत होता आणि त्यावर शेवाळ माजलं होतं. हेसुद्धा मी फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं. तरी युरिया कमी केला नाही, कारण शेजारचा ऊस माझ्या उसापेक्षा उंच दिसलेला मला खपत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

आई चार दिवस देवदर्शनाला गेली, तेव्हा मी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणून विहिरीत टाकलं. अंदाजाने. शेवाळ मरेल, पाणी नितळ होईल, आई खूश होईल, एवढंच डोक्यात.

शेवाळ मेलं. मागोमाग मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. तिसऱ्या दिवशी कासव वर आलं. माझ्या लहानपणापासून ते त्या विहिरीत होतं. मी सगळं जाळीने काढून बांधाला पुरलं, पण वास काही पुरता आला नाही.

आई आली. काठावर उभी राहून वास मारणाऱ्या, एकही मासा नसलेल्या पाण्याकडे बघत राहिली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "गाळणं विरलं हुतं, मी बदललं न्हाई. काय तरी वंगाळ माज्याच हातनं गेलं आसंल."

मी तिला खरं सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती दर अष्टमी-चतुर्दशीला निर्जळी उपवास करू लागली. विहीर बंद झाली, घरात शुद्ध पाण्याचे कॅन येऊ लागले. वर्षभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी रोज शाळेत जाऊन अन्नसाखळी शिकवत होतो आणि स्वतःची मला किळस येत होती.

परवा चतुर्दशीला ती चुलीपाशी चक्कर येऊन बसली. तेव्हा तिथेच सांगून टाकलं. मोरचूद, मासे, बांध, सगळं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"आता सोड उपास," मी म्हणालो.

"कशाला? कुणी बी मारलं आसंल. मेलं ते मेलंच न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कॅनचं पाणी गाळलं. सवयीने कापड उलटं करून धुतलं आणि कळशी घेऊन दारात आली.

"हे कुठलं पाणी हाय रं? हे कुठं सोडू?"

त्यात जिवंत काही नसतं, हे उत्तर मला येत होतं. तरी मी तिच्या हातातून कळशी घेतली आणि ती धरून अंगणात उभा राहिलो. कुठे जायचं, ते मलाही कळेना.