सोवळ्यातले हात

मंडळी, आईला विचारूनच हे लिहितेय.

आज सकाळी आमच्या भोकरदनच्या घरी आई सोवळ्यात नैवेद्याचा स्वयंपाक करत होती. शेजारच्या मुक्ताकाकू फुलं द्यायला आल्या आणि चक्कर येऊन अंगणातच पडल्या. कपाळातून रक्त यायला लागलं.

मी गच्चीवरून ओरडले, "आई, धर ना त्यांना!"

आई दारातून धावत आली, त्यांच्यापाशी वाकली आणि तिने हात मागे घेतले.

मीच खाली पळत आले, काकूंना रिक्षातून दवाखान्यात नेलं. टाके पडले, पण आता बऱ्या आहेत.

संध्याकाळी आई त्यांना भेटायला गेली, तर काकूच तिची समजूत घालायला लागल्या. "वहिनी, तुम्ही सोवळ्यात होत्या, कशा धरणार? मला बिलकुल राग न्हाई."

घरी आल्यावर आई खूप रडली. "ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं देवाचं करून राह्यले, अन् माझा हात पुढं झाला न्हाई गं. आता कोणत्या तोंडानं नैवेद्य दाखवू?"

ती अजून जेवलेली नाही. माझी आई दुष्ट नाही हो, तरी तिचे हात मागे गेले, म्हणूनच मला जास्त भीती वाटतेय.

तुम्ही तिला काय सांगितलं असतं?