मोजणीकाकांची मॅकरोनी

मोजणीकाकांचं आयुष्यात कधीही काही चुकलेलं नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात. त्यांच्या शेजारी चौदा वर्षं राहून मी एवढंच सांगू शकतो, की या विषयावर त्यांच्याशी वाद घालायला गेलेला माणूस अजून वेळेवर जेवायला घरी पोहोचलेला नाही. ते जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतून साखळी ओढत त्यांनी उभी हयात काढली, त्यामुळे सगळं जव्हार त्यांना मोजणीकाका म्हणतं. त्यांचं खरं नाव बहुधा फक्त पेन्शनच्या कागदावर असेल. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून त्यांनी बाकीचं जग मोजायला घेतलं. आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाचा एक खांब सव्वा इंच त्यांच्या बाजूला कललेला आहे, हे त्यांनी मला आम्ही राहायला आलो त्याच दिवशी, सामानाच्या टेम्पोतून पलंग उतरत असताना सांगितलं. वर "घाबरू नका मास्तर, तुमचा फायदाच आहे," असा दिलासाही दिला. एसटी डेपोत गाडी फलाटाला तिरकी लागली तर ते ड्रायव्हरला खाली उतरवून ती कशी तिरकी आहे ते दाखवतात. 'साधारण' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. "बाजार साधारण किती लांब?" असं एका पाहुण्याने विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "साधारण लांब नाही. सहाशे बारा पावलं आहे. पाऊल माझं धरायचं."

या माणसाबरोबर काकूंनी छत्तीस वर्षं संसार केला, आणि त्या छत्तीस वर्षांत रोज दोन वेळा त्यांच्यासमोर ताट ठेवलं. काकांच्या जेवणाला बोलण्याचं तोंडीलावणं लागतंच. गुंठ्याचे सोळा आणे हा हिशेब त्यांच्या अंगात इतका मुरलाय, की आमटीचा पहिला घोट घेतला की ते म्हणणार, "मीठ एक आणा कमी." नागलीच्या भाकरीकडे बघून म्हणणार, "उत्तरेकडून पातळ झाली." एकदा मी पंगतीला होतो तेव्हा त्यांनी खरोखरच भाकरीवर पट्टी ठेवली होती. काकू या सगळ्याला एकच उत्तर देत. त्या भाकरी उलटवत, आणि काका पुढचा घास घेत. भाकरी उत्तमच असायची, हे सांगायला पट्टी लागत नव्हती.

मग एका श्रावणात काकू मागच्या अंगणात शेवाळावरून घसरल्या आणि त्यांच्या उजव्या हाताचं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. माझ्या बायकोने तीन दिवस डबा पाठवला. चौथ्या दिवशी काका रिकामा डबा घासून, पुसून, झाकण बरोब्बर फिरवून परत घेऊन आले आणि म्हणाले, "उद्यापासून नको. स्वयंपाक म्हणजे काय हो, प्रमाणच ना?"

पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरातून जे वास आले ते प्रमाणाचे नव्हते. भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. डाळीची फोडणी मिळाली ती शेगडीला. आणि इथे काकांच्या आयुष्यात एक अपूर्व गोष्ट घडली. गळ्यात हात अडकवून स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत बसलेल्या काकूंनी डाव्या हातात चमचा धरून आमटी चाखली आणि शांतपणे म्हटलं, "मीठ दीड आणा जास्त झालंय."

काका त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. पायातल्या चपला ओट्याच्या कडेला समांतर लावल्या. मग म्हणाले, "मास्तर, भात-आमटीत एक मोठा दोष आहे. तो पदार्थ सगळ्यांना माहीत असतो."

दोन दिवसांनी त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एका गोऱ्या बाईने भट्टीतून सोनेरी, बुडबुडे येणारं काहीतरी बाहेर काढलं होतं. भाजलेली मॅकरोनी, चीज घातलेली. काकांनी ती चित्रफीत आठ वेळा पाहिली होती. "हा पदार्थ या आळीत कोणी खाल्लेला नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हद्दीचा जुना दगड सापडल्यासारखा आनंद होता. "मी करीन तो असाच असतो."

मॅकरोनीचं पाकीट बाजारपेठेतल्या किराणा दुकानात मिळालं. चीज डेपोजवळच्या दुकानातल्या फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्यांमागे गारठून पडलं होतं. ओव्हन कुठेच नव्हता, म्हणून काकांनी मोठ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तीन इंच वाळू पसरून भट्टी बनवली. वाळू त्यांनी पिठाच्या चाळणीने चाळली. काकू खुर्चीतून ओरडल्या, "अहो, ती पिठाची आहे!" काका म्हणाले, "म्हणूनच बारीक चाळते." पहिला खरा अडथळा पाकिटावर छापलेला होता. मॅकरोनी आठ ते दहा मिनिटं उकळा, असं त्यावर लिहिलं होतं. काका संतापले. "आठ ते दहा म्हणजे काय? नक्की किती? असा नकाशा मी दिला असता तर दोन भाऊबंदांत मारामाऱ्या झाल्या असत्या." शेवटी त्यांनी नऊ मिनिटं धरली आणि बिनचूकपणाच्या काळजीपोटी आणखी पाच मिनिटं उकळली. दूध-मैद्याचं जे केलं त्यात सुपारीएवढ्या गुठळ्या झाल्या, त्या त्यांनी चहाच्या गाळणीतून गाळल्या. मग सगळं डब्यात थापून, वर टोस्टचा चुरा पसरून, वाळूच्या पातेल्यात तासभर ठेवलं.

रविवारी दुपारी आम्हाला आमंत्रण होतं. डबा उपडा केला तर आतली वस्तू डब्याच्याच आकारात बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. काकांनी तिचे काटकोनात सारखे तुकडे केले. चव चिकट कणकेसारखी होती, आणि मधूनच दाताखाली काहीतरी करकरायचं. ते चाळलेलं होतं एवढंच त्यातल्या त्यात बरं. माझ्या बायकोने विचारलं, "हे जरा कडक नाही का, काका?"

"असंच असतं ते," काका म्हणाले.

काकूंनी तुकडा संपवला आणि म्हटलं, "चांगलं असेल."

त्या 'असेल'वर काकांनी पुढचे तीन रविवार काढले. दर रविवारी मॅकरोनी व्हायची, दर रविवारी ती विटेसारखी निघायची, आणि दर रविवारी ती तशीच असते असं आम्हाला सांगण्यात यायचं. हळूहळू आमचाही विश्वास बसू लागला. परदेशातल्या लोकांचे दात बळकट असणार, असं माझी बायको म्हणाली. पण या सगळ्यात मला एक गोष्ट खुपायची. काकू आता कशालाच काही म्हणत नव्हत्या. प्लास्टरमधून डोकावणाऱ्या बोटांकडे बघत त्या खुर्चीत गप्प बसायच्या, आणि पुढे ठेवलेलं खायच्या.

चौथ्या रविवारी सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरून किसन आला. काकांकडे अजूनही डोंगरातली माणसं कागद घेऊन येतात, कारण नकाशा वाचायला त्यांच्याइतका माणूस नाही, आणि तिथे त्यांचं खरोखरच काही चुकत नाही. किसन चाळिशीचा, सडसडीत, हातावर भाजल्याचे जुने डाग. त्याच्याकडे सरकारने त्याला दिलेल्या वनजमिनीच्या पट्ट्याचा नकाशा होता. नाल्याकाठचा नागलीचा तुकडा त्यात धरलाय की नाही, हे त्याला कळत नव्हतं, आणि तेवढा एकच तुकडा पाण्याजवळचा होता. काकांनी चष्मा लावला, नकाशा जमिनीवर पसरला आणि अर्धा तास त्यावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "नाल्याच्या मध्यापर्यंत तुझं आहे. निर्धास्त रहा." किसनने कागदाची घडी घातली, ती कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. त्याचे डोळे भरले होते. काकांना असलं काही झेपत नाही, म्हणून ते घाईघाईने म्हणाले, "बस, खाऊन जा. तू असलं कधी खाल्लं नसशील."

किसनने तुकडा हातात घेतला, बाजूने पाहिला, खालून पाहिला, दाबून पाहिला. मग खाल्ला.

"काय आहे सांग बघू," काका म्हणाले.

"मॅकरोनी," किसन म्हणाला. "चीजवाली. बेक केल्याली."

काकांचा हात हवेतच राहिला. "तुला कसं माहीत?"

"ठाण्याला हाटेलात हाय ना मी, साहेब. अकरा वर्सं झाली. निंदणीला घरला आलतो. ह्याच्या रोज तीस-चाळीस पलेटी मीच लावतो."

खुर्चीतल्या काकू महिन्याभरात पहिल्यांदा पुढे सरसावल्या. "मग खरं सांग रे बाबा, कशी झालीय?"

किसनने काकांकडे पाहिलं. मग खिशातल्या नकाशावर हात ठेवला. ज्या माणसाने आत्ताच आपलं शेत आपल्याला दिलं, त्याच्या मॅकरोनीला नावं ठेवायची, हे काही सोपं काम नव्हतं. शेवटी तो अगदी अदबीने म्हणाला, "साहेबांची पद्धत येगळी हाय."

काकू हसल्या. आधी तोंडावर पदर घेऊन, मग पदर सुटला तरी. प्लास्टरचा हात पोटाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. काका त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठून बाहेर जातील. पण ते काकूंकडे बघतच राहिले, आणि मग किसनला म्हणाले, "पद्धत-बिद्धत राहू दे. कुठे चुकलंय ते दाखव."

किसन हात धुऊन शेगडीशी उभा राहिला. मॅकरोनी त्याने सहा मिनिटांतच उतरवली. "जरा कच्चटच पायजे, पुढं भाजताना शिजते." लोण्यात मैदा परतला, रंग बदलायच्या आत थंड दूध घातलं, धारेने, आणि हात थांबवला नाही. आच बंद केली आणि मगच चीज किसून टाकलं. काका वही घेऊन बाजूला उभे. "हे दूध-मैद्याचं पातळ किती ठेवायचं?"

"चमचा बुडवायचा, पाठीवर बोट वढायचं. रेघ ऱ्हायली का झालं."

काकांनी चमचा बुडवला, बोट ओढलं, आणि त्या रेघेकडे असे पाहत राहिले की किसनला त्यांच्या हातून चमचा काढून घ्यावा लागला. त्या दिवशी डबा उघडला तेव्हा वरचा थर सोनेरी होता आणि खालून बुडबुडे येत होते. काकूंनी दोनदा मागून घेतली. "अशी असते होय ही!" त्या म्हणाल्या. काकांनी मान खाली घालून आपली बशी पुसून खाल्ली.

जाताना काकूंनी किसनला विचारलं, "पोरं मजेत खात असतील ना तुझी, असं काहीबाही?"

"त्यांना कवा केली नाय, मावशी," किसन म्हणाला. "आमच्या घरी चूल."

काकूंना ते लागलं. प्लास्टर निघालं, मनगट थोडं वाकडं राहिलं, दिवाळी गेली, तरी त्या काकांना त्या पोरांची आठवण करून देत राहिल्या. शेवटी शिमग्याला किसन घरी येणार असं कळलं, तेव्हा काका, काकू आणि मी असे तिघे एसटीने मोखाड्याला, तिथून जीपने सूर्यमाळला आणि पुढे पायी पाड्यावर गेलो. काकांनी मॅकरोनी, चीज, लोणी, मैदा, दूध, पातेलं आणि पिशवीभर चाळलेली वाळू घेतली होती. डोंगरावर माती असते, असं मी सुचवून पाहिलं. "चाळलेली नसते," ते म्हणाले. किसनने ती पिशवी पाहिली आणि डब्याच्या झाकणावर निखारे ठेवून वाळूशिवायच काम भागवलं.

पण चूक झाली ती त्याआधी. मॅकरोनीला पाणी भरपूर लागतं, म्हणून काकांनी कोपऱ्यातला भरलेला हंडा उचलून पातेल्यात रिकामा केला. मॅकरोनी शिजल्यावर ते सवयीने पाणी अंगणात ओतायला गेले, तशी किसनची बायको, जी आल्यापासून आमच्याशी मान वर करून बोलली नव्हती, ती ओरडली, "थांबा!" तिने धावत येऊन खाली परात धरली. मग लाजून म्हणाली, "शेरडं पितील."

"पाणी कुठून आणता?" काकांनी विचारलं.

"खालून, झऱ्यावरून."

"किती लांब?"

"लांब नाय," ती म्हणाली. पाहुण्याला जसं सांगतात तसं.

मॅकरोनी छान झाली. किसनची म्हातारी आई म्हणाली, "मऊ हाय, दात नसल्याला बरी." आठ वर्षांची लेक वाटी चाटून झाल्यावर बापाला म्हणाली, "तू ठाण्याला हेच करतो?"

"हा."

"मंग हितंच कर ना."

किसन म्हणाला, "हितं चीज मिळत नाय." लेकीला ते पटलं. बाकी सगळ्यांना खरं कारण माहीत होतं, म्हणून आम्ही सगळेच खाली बघून खात राहिलो.

उन्हं कलल्यावर काका दिसेनात. तासाभराने ते खालच्या वाटेने वर आले. पुढे किसनची बायको, डोक्यावर दोन हंडे, आणि मागे खांद्यावर कळशी घेतलेले, कमरेपर्यंत भिजलेले काका. कळशीत निम्मंच पाणी उरलं होतं. लेक टाळ्या पिटून हसली. काकूंनी त्यांना दगडावर बसवलं, आणि श्वास खाली बसेपर्यंत पाठीवर हात फिरवत राहिल्या.

यंदाच्या शिमग्याला किसनला सुटी मिळाली नाही. त्याचा फोन आला तेव्हा मी काकांच्या ओट्यावरच होतो. हॉटेलात मोठी ऑर्डर होती, दोन माणसं आजारी होती, मालक सोडत नव्हता. मागून भांड्यांचा आवाज येत होता. काका म्हणाले, "आम्ही तुझ्या घरी जाऊन येतो. काही निरोप सांगायचाय का?"

पलीकडे भांडी वाजत राहिली.

"निरोप कायी नाय, साहेब," किसन म्हणाला. "नुसतं जाऊन या."

मला शाळा होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती दोघंच गेली. मी डेपोत सोडायला गेलो तेव्हा काका मॅकरोनीची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, आणि खिडकीची जागा त्यांनी काकूंना दिली होती.