बिसेनची वाट पाहत बसलो

परवा गोंदियाला बायकोच्या पदवीदान समारंभाला पाहुणा म्हणून गेलो होतो... कान धरले, पुन्हा नाही.

पास दोघांचा होता. एक मी, दुसरे सासरे, म्हणजे मोतीराम मामाजी. ते चोरखमारा गावाहून सकाळच्या एसटीने, धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आले. सुनंदाने मला एकच काम सांगितलं होतं... स्टेजवर पदवी घेतानाचा फोटो. पोरं मोठी झाल्यावर, घर सांभाळून बी.ए. केलं तिने. तो फोटो तिला माहेरच्या भिंतीवर लावायचा होता.

कार्यक्रम दहाचा, प्रमुख पाहुणे उगवले बारानंतर. मग दीप, स्वागतगीत, शाल, श्रीफळ... आणि भाषणात साहेब म्हणतात, वेळेचं महत्त्व ओळखा. वा रे वा! पाण्याची बाटली गेटवरच काढून घेतलेली. पंखाही नेमका आमच्या डोक्यावरचाच बंद.

त्यात मामाजी सारखे विचारून राहिले, आपला नंबर कधी येते. त्यांना सवय धान खरेदी केंद्राची. तिथे नाव पुकारलं की उठायचं, हात वर करायचा, नाही तर नंबर गेला.

शेवटी आडनावाप्रमाणे, एबीसीडीच्या क्रमाने नावं सुरू झाली. मी मोबाईल काढून तयार. बिसेन आले, चांगले तीन-चार आले... पण आमची सुनंदा बिसेन काही येईना. कटरे झाले, पटले झाले, माझं डोकं फिरलं.

उठलो आणि कडेला उभ्या व्हॉलंटियर पोरीला गाठलं. बायकोचं नाव गाळलंच कसं म्हणून हिंदी-मराठी दोन्हीत भांडलो. ती बिचारी आपली 'अंकल, बैठ जाइए'च करत होती.

तेवढ्यात मागून आवाज आला, "हाव जी... हजर."

वळून पाहतो तर मामाजी भर सभागृहात उभे, हात वर. लोक हसायला लागले. मी धावत गेलो, सदरा ओढून त्यांना खाली बसवायला लागलो... पण ते कुठले बसतात.

"माजा नाव घेतलन ना जी. मोतीराम म्हणलन."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. रहांगडाले सुनंदा मोतीराम! ॲडमिशन शाळेच्या दाखल्यावर आणि दाखल्यावर लग्नाआधीचं नाव. मला माहीत नव्हतं असं नाही, पण घरीदारी, रेशनकार्डावर ती बिसेनच... ऐन वेळी कोणाच्या लक्षात राहते?

स्टेजवर सुनंदा पदवी हातात घेऊन थांबलेली, बापाकडे पाहत. मागची मुलगी खोळंबली, माइकवाले पुढे चला म्हणून राहिले, तरी ही हलेना. मी घाईत बटण दाबलं. आलं काय, तर मामाजींचा हात, अर्धी टोपी आणि कोपऱ्यात अंगठ्याएवढी सुनंदा... तीही हललेली.

बाहेर आल्यावर माझी चिडचिड सुरूच. पाहुण्यांवर, दाखल्यावर, स्वतःवरही. म्हटलं, एक काम दिलं होतं, तेही धड झालं नाही... चल, स्टुडिओत जाऊन नीट काढू. सुनंदाने तो फोटो बोटांनी मोठा करून कितीतरी वेळ पाहिला. डोळे पुसले आणि म्हणाली, "हाच लावायचा."

काल आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावला फ्रेम करायला टाकला. दुकानदार विचारतो, यात पदवी मिळाली कोणाला?

म्हटलं, ती मागे बारीकशी दिसते ना भाऊ... सुनंदा मोतीराम रहांगडाले.