कोंबड्या शेवटी बऱ्या होतात

"माळ्यानं मारलं. पैशासाठी नव्हे, अपमानासाठी. घ्या, आता शांतपणे वाचा."

असं म्हणून त्यांनी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. मी त्या वाचनालयात पहिल्यांदाच गेलो होतो. खुनाची इंग्रजी कादंबरी होती, आणि मी तिचं पहिलं पानही उघडलेलं नव्हतं.

तुम्हीही असे ग्रंथपाल पाहिले असतील, जे पुस्तकं कपाटात कोंडून ठेवतात, किंवा जे वर मान करून बघतसुद्धा नाहीत. हे तिसऱ्याच जातीचे होते. हे शेवट सांगून टाकत. कुणी चिडलं, तर म्हणत, "तिरुवैयारूच्या बसमध्ये बसता, तेव्हा तिरुवैयारू येणार हे ठाऊकच असतं की! म्हणून तर खिडकीतून भाताची शेतं दिसतात. ठाऊक नसतं, तर सगळा वेळ ड्रायव्हरकडं बघत बसला असता."

एक निवृत्त पोस्टमास्तर पुस्तक घेताना दोन्ही कानांत बोटं घालून उभे राहत. मग ते बायकोला पाठवू लागले. तर बायको घरी जाऊन शेवट सांगू लागली.

मी मिरजेचा. नोकरीनिमित्त एका विमा कचेरीत तंजावरला येऊन पडलो होतो. ते म्हणजे घराघरावर डिश-अँटेना उगवण्याचे आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कॉम्प्युटरचे क्लास निघण्याचे दिवस. वाचनालय राजवाड्यामागच्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाली दिवसभर ठोकाठोक चाले, आणि वर शांततेची पाटी होती. ग्रंथपालांना सगळे लायब्ररीराव म्हणत. त्यांच्या घरची भाषा मराठी. मराठ्यांच्या राज्यात त्यांचे पूर्वज इकडे आले आणि राहिले. त्यांची मराठी मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही. शब्द आपल्या पणजोबांचे आणि हेल तमिळचा. मला ते 'बाँबेराव' म्हणत. मिरज मुंबईपासून किती लांब आहे, हे मी पुष्कळदा सांगून पाहिलं. "असूं दे, असूं दे, सगळं तिकडंच," म्हणत.

माझा स्वभाव असा, की काही झालं की ते माझ्यामुळेच झालं असं मला आधी वाटतं. एकदा मी घेतलेल्या पुस्तकाचं पान आधीपासूनच फाटलेलं होतं, तरी मी त्यांच्यासमोर जाऊन माफी मागितली. ते चष्म्यावरून बघत राहिले. "बाँबेराव, तुम्ही रोज इतकी माफी मागता. घरी ठेवायला जागा उरते का?"

तर आता मूळ गोष्ट. वाचनालयात एक मराठी पुस्तकांचं कपाट होतं. तिथल्या जुन्या घरांनी मिळून कधीकाळी दिलेलं. लायब्ररीरावांच्या आजोबांची पुस्तकंही त्यात होती. ते कपाट कुणी उघडत नसे. कारण साधं होतं. तिथली मराठी माणसं घरी मराठी बोलत, पण वाचत तमिळ. देवनागरी अक्षरं त्यांना फक्त पूजेच्या पोथीत दिसत, आणि तीही भटजी वाचत.

एका सकाळी वरचे अधिकारी तपासणीला आले. तमिळ गृहस्थ, बोलायला गोड. कपाटाला लागलेली जळमटं बघून म्हणाले, "राव सार, आता देशाचे दरवाजे उघडले. या कपाटाचं तरी दार उघडा." मग त्यांनी सांगितलं, की जागा हवी आहे. कॉम्प्युटरची आणि नोकरीच्या परीक्षांची पुस्तकं येणार आहेत. तमिळ नव्या वर्षापर्यंत या कपाटातली पुस्तकं लोकांनी नेली, वाचली असं दिसलं, तर कपाट राहील. नाही तर गोदामात.

अधिकारी गेल्यावर लायब्ररीराव मला म्हणाले, "गोदाम म्हणजे काय, ठाऊक आहे? तिथं पुस्तक गेलं की वाळवीच वाचते. तीही शेवटापर्यंत."

तंजावरच्या मराठी घरांत दोन नवी वर्षं साजरी होतात. पाडवा आपला, आणि चैत्रातलं तमिळ वर्ष गावाचं. त्या वर्षी दोन्हींमध्ये काही आठवड्यांचं अंतर होतं. लायब्ररीरावांनी तेवढ्यात नव्या वर्षाचा कार्यक्रम काढला. दारावर तमिळमध्ये फळा लावला : प्रत्येक मराठी घरी एक मराठी पुस्तक, नव्या वर्षाच्या दिवशी पंचांगवाचन, पुस्तकवाचन आणि पुरणपोळी.

पाडव्याच्या दिवशी माडीवर गर्दी झाली. बहुतेकांनी पुरणपोळी आजच आहे असा समज करून घेतला होता. पण आलेल्या कुणालाही त्यांनी रिकाम्या हाती सोडलं नाही. पुस्तक काढायचं, मुखपृष्ठाकडे बघायचं, शिक्का मारायचा आणि शेवट सांगायचा.

कमळाक्का नावाच्या आजी होत्या. त्यांच्या हातात विहिरीपाशी उभ्या असलेल्या बाईचं चित्र असलेली कादंबरी आली. "अक्का, नवरा सोडून जातो, पण शेवटी परत येतो. विहिरीपाशीच भेट होते."

"रडतो का?" अक्कांनी विचारलं.

"पुष्कळ."

"सरि, ठीक. मग द्या."

एका इंजिनिअरच्या बायकोला कोंबडीचं चित्र असलेलं पुस्तक मिळालं. "गरीब घरची पोर. कोंबड्या पाळते. मध्ये फार संकटं येतात, पण शेवटी सगळं बरं होतं."

मी बाजूला उभा राहून हे ऐकत होतो, आणि या माणसाने किती वाचलंय या विचाराने मला माझ्या आळसाची लाज वाटत होती.

आठवडाभराने त्या इंजिनिअरच्या घरी विम्याच्या कामासाठी गेलो. बाईंनी कॉफी दिली आणि मोठ्या आनंदाने देवघर दाखवलं. समईशेजारी ते पुस्तक. कोंबडीच्या कपाळावर कुंकू, तुऱ्यावर जाईचं फूल. "आमच्या भाषेतली अक्षरं," त्या म्हणाल्या. "असंच कुठं ठेवायचं? रोज नमस्कार करतो." मी पुस्तक हातात घेतलं. कुक्कुटपालन : रोग व उपचार.

मी धावतच माडीवर गेलो.

"राव, ते कोंबड्यांच्या रोगांवरचं पुस्तक आहे!"

त्यांनी आधी जिन्याकडे बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, "शेवटी बऱ्या होतात का?"

"कोण?"

"कोंबड्या."

"औषध वेळेवर दिलं तर होतात."

"मग मी काय खोटं सांगितलं?" ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी टेबलावरचं एक मराठी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "यावर काय लिहिलंय? वाचा."

तेव्हा मला कळलं. तमिळ आणि इंग्रजी पुस्तकांचे शेवट ते वाचून सांगत. मराठी पुस्तकांचे, चित्र बघून.

"आजोबा वाचायचे," ते म्हणाले. "बाबा थोडंफार. माझ्यापर्यंत येताना संपलं. लोकांना वाटतं, लायब्ररीराव आहेत, त्यांना येत असणार. मीही नाही म्हटलं नाही. नव्या वर्षाला ते अधिकारी येणार. कुणाला वाचून दाखव म्हणाले, तर?" मग माझा हात धरला. "तुम्ही वाचा, बाँबेराव. कमळाक्कांचं पुस्तक. सगळ्यांना तीच गोष्ट ऐकायची आहे. शेवटचं प्रकरण पुरे. शेवट त्यांना ठाऊकच आहे."

मी हो म्हणालो. घरी जाताना वाटलं, आधी वाचून घ्यावं. पण अक्का पुस्तक हातातून सोडेनात. "कार्यक्रमाच्या दिवशी आणत्यें," म्हणाल्या.

नव्या वर्षाच्या दिवशी सगळी माडी भरली. सुट्टी असूनही अधिकारी आले, आणि त्यांची पहिली नजर पुरणपोळीच्या डब्यावर गेली. कडुलिंबाच्या फुलांची पच्चडी, म्हणजे त्यांची आंबटगोड चटणी, वाटून झाली. एका शास्त्रीबुवांनी पंचांग वाचलं. पाऊस किती, धान्य किती, राज्यकर्त्यांना कष्ट किती. सगळ्या वर्षाचा शेवट पहिल्याच दिवशी सांगून झाला, आणि लायब्ररीराव कौतुकाने मान हलवत बसले. मग अक्कांनी पदराखालून पुस्तक काढलं आणि माझ्याकडे दिलं.

मी वाचू लागलो. नवरा परत येतो. बायको विहिरीपाशी असते. लोक खूश. अक्कांनी शेजारणीला कोपर मारलं. मी पान उलटलं. आणि पुढे असं होतं, की ती घागर उचलते, घरात जाते आणि आतून कडी लावते. तो बाहेर उभा राहतो. पुस्तक संपतं.

ती कडी वाचण्याआधी मी थांबलो. लायब्ररीराव माझ्याकडे बघत होते. एका वाक्यात मी दोघांची भेट घडवून आणू शकलो असतो. कुणाला कळलं असतं? पण माझ्यासारख्या माणसाला छापील अक्षर समोर असताना दुसरं काही बोलता येत नाही. मी कडी लावली.

"चूक!" कमळाक्का म्हणाल्या.

"अक्का, असंच लिहिलंय."

"मग चुकीचं छापलंय. तो येतो, रडतो, भेट होते. शेजारच्या साऱ्या बायकांना मी सांगितलंय!"

"बरंच केलं तिनं," मागून इंजिनिअरची बायको म्हणाली. "इतकी वर्षं कुठं होता म्हणावं?"

"तू गप! तुझी कोंबडी बघ."

मग जो तो बोलू लागला. शास्त्रीबुवांचं मत, दार उघडायला हवं होतं. पोस्टमास्तरांचं मत, कादंबरी कानांत बोटं घालून ऐकायला हवी होती. अधिकाऱ्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी लायब्ररीरावांना विचारलं, "भांडण कशाचं?"

"भांडण नव्हे, सार. वाचकांची चर्चा."

अधिकारी थक्क झाले. म्हणाले, "दुसऱ्या शाखांत नव्या वर्षाच्या कार्यक्रमाला माणसं झोपतात." पुरणपोळी घेतली, दुसरी घेतली, आणि जाता जाता कपाटावर हात ठेवून म्हणाले, "राहू दे इथंच."

कपाट वाचलं. पण अक्का जागच्या हलल्या नव्हत्या.

"राव," त्या म्हणाल्या, "तुम्ही हे पुस्तक वाचलं होतं का?"

मला वाटलं, आता मीच काही तरी सांगावं, की चूक माझी, पान माझ्याकडून चुकलं. तोंड उघडलंही. लायब्ररीरावांनी हात वर करून मला थांबवलं.

"नाही, अक्का," ते म्हणाले. "मला ही अक्षरं येत नाहीत. चित्रं बघून सांगितलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"अय्यो राव," अक्का म्हणाल्या, "आम्हांला तरी कुठं येतात? गोष्ट मात्र तुमचीच बरी होती. त्याला दाराबाहेर ठेवायचं म्हणजे काय!" मग सगळ्यांकडे वळून त्यांनी हुकूम सोडला, "शुक्रवारी सगळ्यांनी आपापली पुस्तकं घेऊन या. कुणाच्या पुस्तकात खरं काय आहे, ते बाँबेरावांकडून ऐकू. आधी रावांनी आपला शेवट सांगायचा. मग पुस्तकातला. कुठला बरा, ते आम्ही ठरवू."

असे ते शुक्रवार सुरू झाले. पुस्तक बहुतेक वेळा हरत असे. कोंबड्यांच्या रोगांवरचं पुस्तक तेवढं जिंकलं, कारण अक्कांच्या मते त्यात औषधं उपयोगी होती.

नव्या वर्षाचा कार्यक्रम संपल्यावर सगळे गेले, तेव्हा मी लायब्ररीरावांची माफी मागितली होती. ते डबे धूत होते. "तुम्ही भेट घडवून आणली असती, तर मी आयुष्यभर चित्रंच बघत राहिलो असतो," ते म्हणाले. "आता उद्यापासून शिकवा."

वय झालेल्या माणसाला अक्षरं शिकवणं सोपं नाही. ते अक्षरांची विचारपूस करत. "हा कोण? याच्या पोटात रेघ का? हा कालच्याचा भाऊ का?" रेषेखाली लोंबणारी अक्षरं त्यांना वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वाटत. जमेना की चिडत, आणि जमलं की खाली जाऊन भांडीवाल्याला सांगून येत.

अर्ध्याहून अधिक अक्षरं झाली, आणि त्यांची पापनाशमला बदली झाली. निरोपाला मी गेलो. "तुमच्यासारख्या माणसाला खरं तर तिथं पाठवायला हवं," ते हसून म्हणाले. "नावातच पाप धुऊन देतात."

पुढे एकदा कामासाठी कुंभकोणमला निघालो होतो. त्यांना आधी कळवलं होतं. पॅसेंजर पापनाशमला थांबली, तर ते फलाटावर उभे. छत्री बगलेत, कपाळावर घाम. कसे आहात, कपाट कसं आहे, काही नाही. खिडकीतून माझं मनगट धरून म्हणाले, "इकडं बघा, इकडं!"

त्यांच्या मागेच असलेल्या स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाचं नाव तीन लिप्यांत होतं. त्यांनी छत्रीचं टोक देवनागरी अक्षरांवर टेकवलं आणि मोठ्याने वाचू लागले. टोपल्या घेऊन बसलेल्या बायका मागे वळून बघू लागल्या.

"पा," ते म्हणाले. "हा पण प, पण काना नाही. मग ना."

छत्री पुढे सरकली आणि थांबली. गाडीने शिट्टी दिली.

"बाँबेराव, हा कोण?"

मी खिडकीतून ओरडून सांगितलं. चाकांच्या आवाजात ते ऐकू गेलं नसावं. मी हात हलवला, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यानंतर माझी बदली झाली, आणि पुन्हा त्यांची भेट झाली नाही. त्या दिवशी गाडी वळणावर जाईपर्यंत मी बघत होतो. सगळा फलाट रिकामा झाला होता, आणि ते गाडीकडे पाठ करून, छत्रीचं टोक त्या चौथ्या अक्षरावर धरून उभे होते.