बारबेराचे बारके मणी

कॅलिफोर्नियात लेकीच्या क्युपर्टिनोच्या घरून सकाळी निघालो तेव्हाच माझं उत्तर ठरलेलं होतं: नाही. मैत्रेयी म्हणते, सॉफ्टवेअरची नोकरी सोडून घरी येते, आणि दिंडोरीच्या आपल्या थॉमसन द्राक्षांच्या बागेतला एक एकर उपटून तिथं वाईनची इटालियन द्राक्षं लावते. बाग मी सांभाळते, म्हणजे कौल माझा. ‘आधी बघ, मग बोल,’ एवढंच तिनं मागितलं होतं.

सपाट रस्ता संपून अमाडोरच्या टेकड्या लागल्या. गवत वाळून सोनेरी झालेलं, मधूनच एखादं ओकचं झाड, आणि ऊन थेट आमच्या एप्रिलमधलं. आम्ही बघायला आलो त्या वाईनच्या बागेची मालकीण मारिया माझ्याच वयाची. तिचे आजोबा इटलीहून इथं आले होते.

वेली पाहून मला तिची दयाच आली. घड भरपूर, पण मणी वाटाण्याएवढे.

‘हिला सांग, विरळणी वेळेवर कर, जादा मणी काढून टाक आणि घड औषधात बुडव. दुप्पट फुगतील.’

मैत्रेयीनं कपाळावर हात मारला, पण सांगितलं. मारिया खळखळून हसली. मोठा मणी म्हणजे नुसतं पाणी, रंग आणि चव सालीत असते, म्हणून इथं बारकाच मणी हवा, असं तिचं म्हणणं. माझा जन्म गेला मणी फुगवण्यात. मीही हसले, पण जरा चिडूनच.

मग शेडमध्ये तिच्या द्राक्षांच्या वाईन चाखणं. मूळ टस्कनीचं सांजोव्हेजे जांभळासारखं तुरट-गोड. पिएमोंतेचं नेबिओलो दिसायला फिकं, पण जीभ आवळ्यासारखी आखडून टाकणारं. चाखून बादलीत थुंकायची तिथली रीत.

‘आई, थुंक ना. सगळं ड्रिंक नाही करायचं, यार.’

‘कुणाची तरी वर्षाची मेहनत आहे ती,’ मी म्हणाले आणि गिळलं. कान तापायला लागले.

तिसरं बारबेरा. एका घोटातच मी ग्लास ठेवला आणि तडक वेलीकडे गेले. पिकलेला मणी चावला. गोड, आणि तरीही कोकमासारखा आंबट! आमच्याकडे उन्हात द्राक्षाचा आंबटपणा उतरतो, वाईन सपक होते आणि वाईनवाले डोक्याला हात लावून बसतात. हे द्राक्ष एवढ्या तापातही हटलं नव्हतं. आनंदानं माझ्या अंगावर काटा आला. मारियाला मी छाटणी, पाणी, खुंट, सगळं विचारून भंडावून सोडलं. मैत्रेयी भाषांतर करून दमली.

परतताना गाडी चालवता चालवता तिनं विचारलं.

‘सो, आई? नाहीच ना?’

‘एक एकर कशाला, दीड घे. बारबेरा लाव.’

तिनं गाडी कडेला घेतली. ‘मग इतके महिने नाही का म्हणत होतीस?’

‘तू लावलेलं उन्हात जळालं असतं, तर तू परत इकडे आली असतीस. तुला एकदा विमानतळावर सोडलंय मी. पुन्हा जमलं नसतं.’

ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. वाईनविषयी मला अजूनही फार कळत नाही, पण त्या प्रवासातून मी माझी लेक घेऊन आले.