मामांची ओळख कोण देणार?

सावद्यापासून रावेरपर्यंतच्या पट्ट्यात ज्याचं बँकेत जुनं खातं आहे आणि त्या खात्याच्या कागदावर माझ्या मामेसासऱ्यांची सही नाही, असा माणूस मला अजून भेटायचा आहे. भेटलाच तर तो परमुलखातून बदली होऊन आलेला मॅनेजर असेल, आणि त्याच्याही कागदावर मामांची सही नाही याचं कारण एवढंच, की मामांना कोणी तो कागद दाखवला नाही. हे माझ्या बायकोचे मामा. सबंध गावही त्यांना मामाच म्हणतं, त्यामुळे जावई म्हणून माझी त्यांच्यावर काही वेगळी मालकी नाही. पूर्वी बँकेत खातं उघडायचं तर ओळख देणारा लागायचा. जुन्या खातेदाराने ‘या इसमास मी ओळखतो’ असं लिहून खाली सही ठोकली, की नवा माणूस खातेदार व्हायचा. मामा पहाटे केळीच्या बागेत चक्कर मारून, आंघोळ करून, धोतर-टोपी घालून बँकेच्या बाकावर येऊन बसत ते याच कामासाठी. त्यांचं स्वतःचं काम बँकेत फारसं नसे. खिशाला दोन पेनं असत, एक सहीचं आणि एक ‘देता का जरा’ म्हणणाऱ्यांचं.

याचा अर्थ मामा डोळे मिटून सह्या करत असा कोणी घेऊ नये. ओळख देण्याआधी ते ओळख काढत, आणि ते काम एखाद्या सोयरिकीपेक्षा कमी चिकाटीचं नसे. एकदा बऱ्हाणपूरकडचा एक ट्रकवाला आला. केळी भरायला आला होता तो इथलीच पोरगी करून इथेच राहिला. त्याला गावात सासरा सोडून कोणी ओळखत नव्हतं, आणि सासऱ्याची ओळख द्यायची इच्छा नव्हती. मामांनी त्याला बाकावर शेजारी बसवलं. “तुहं गाव? तुह्या बापाचं गाव? मामा कोन्त्या गावचा?” असं करत करत चहा झाला, दुसरा चहा झाला, कॅशियरने खिडकी लावायची तयारी केली, तेव्हा कुठे निघालं की त्याच्या मामाचा ट्रक फार वर्षांपूर्वी आमच्या मामांच्या बागेजवळच्या नाल्यात फसला होता आणि मामांनीच बैल लावून तो ओढून काढला होता. “मंग आधी नाही सांगाचं? झाली ना ओयख!” म्हणत मामांनी सही केली. या पट्ट्यातली बोली ‘ळ’ला फारसा थारा देत नाही, तिथे केळीची केयी होते आणि ओळखीची ओयख. तो ट्रकवाला आज गावातला मोठा माणूस आहे, आणि मामा त्याच्या दारावरून गेले तर अजूनही गाडीतून उतरून नमस्कार करतो.

जगाची ओळख देणाऱ्या या माणसाची एक गंमत होती. ते स्वतःचं नाव कधीही सांगत नसत. चुकून राहून जायचं असं नव्हे. सांगायचंच नाही, असा त्यांचा बाणा होता. “ज्याले कोनी ओयखत नाही, त्यानं आपलं नाव आपन सांगावं,” असं ते म्हणत. मामी जुन्या वळणाच्या, त्याही नाव घेत नाहीत. म्हणजे ते नाव त्या घरात राहतच नव्हतं, त्याचा मुक्काम कायम बाहेरच्यांच्या तोंडी. मामांचा फोन आला की पलीकडून एकच शब्द येई, “मी.” लग्न ठरल्यावर मला पहिल्यांदा त्यांचा असा फोन आला तेव्हा “मी कोण?” असं मी विचारलं, आणि ही सोयरीक मोडावी का यावर सावद्याला रात्रीच्या जेवणापर्यंत चर्चा चालली, असं बायको अजून सांगते. आम्ही जळगावला फ्लॅट घेतला तेव्हा मामा केळीचा घड खांद्यावर घेऊन एसटीने आले. फाटकावरच्या वॉचमनने नाव विचारलं. मामा म्हणाले, “वर सांग, मी आलो.” वॉचमन म्हणाला, नाव सांगा. मामांनी घड तिथेच ठेवला आणि परतीची एसटी पकडली. घड कोणाचा हे वॉचमनला कळेना, पण तो बघूनच आम्हाला कळलं.

अशा माणसाला बँकेकडून एक दिवस मेसेज आला, की आपली ओळख पडताळणी झालेली नाही, सबब खात्याचे व्यवहार थांबवण्यात आले आहेत. मामा तडक शाखेत गेले. बाक उचलून तिथे पाण्याचं मशीन ठेवलेलं. काउंटरवरची माणसं सगळी नवी, मॅनेजर त्याहून नवा. तो बिचारा सौजन्याने म्हणाला, “काका, आता त्यासाठी यावं लागत नाही. घरबसल्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल होतो. पॅन कार्ड, कोरा कागद आणि पेन घेऊन बसा, दोन मिनिटांचं काम.” मामा घरी येऊन म्हणाले, “घरीच बसाचं आसतं तं बँक बांधली कशाले?”

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. नातीला धुळ्याच्या कॉलेजात जागा मिळाली होती, प्रवेशाची फी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत भरायची होती, आणि बागेचे पैसे होते ते याच खात्यात. नाही भरली तर जागा पुढच्या मुलीला. नात चार दिवस बॅग भरून बसलेली. मामांनी तिला सांगून ठेवलं होतं, की फी आजोबाच भरतील, कोणापुढे हात पसरायचा नाही. मला सकाळी फोन आला. “मी. या.”

मी गेलो. सासरच्या मंडळींत मोबाईलमधला जाणकार अशी माझी ख्याती आहे, कारण एकदा मी मामींच्या फोनचा आवाज मोठा करून दिला होता. माझ्या फोनमधलं सगळं माझी मुलगी करून देते, हे तिकडे अजून फुटलेलं नाही. आम्ही मधल्या खोलीत बसलो, तर तिथे रेंज नाही. म्हणून बाहेर ओट्यावर आलो. ‘रांगेत थांबा’ असं सांगून फोनमध्ये बराच वेळ सनई वाजली आणि एकदाची एक मुलगी पडद्यावर आली. गोड आवाजात म्हणाली, “सर, कार्डावरच्या फोटोत केस आहेत.” फोन मी माझ्याकडे तोंड करून धरला होता. मी घाईने तो मामांकडे वळवला.

“नमस्कार सर. आपलं पूर्ण नाव सांगा.”

मामा म्हणाले, “तुमच्यापाशी लिहेल आहे ना.”

“हो सर, पण ते तुम्ही सांगायचं आहे.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मदतीच्या अपेक्षेने पाहिल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी भारावून त्यांचं नाव सांगून टाकलं. “सर, शेजारी कोण बोलतंय? पडताळणीच्या वेळी तुम्ही एकटेच असायला हवं,” असं म्हणून मुलीने कॉल बंद केला.

तोवर बँक मामांना ओळखत नाही ही बातमी मामींनी शेजारी आणि शेजाऱ्यांनी पेठेत पोचवली होती. आमच्या बोलण्यातून लोकांना एवढंच कळलं, की मामांची ओळख पटवायची आहे. मग जे व्हायचं तेच झालं. ज्यांची ओळख मामांनी दिली होती ते हातातली कामं टाकून मामांची ओळख द्यायला आले. समोरचे वेल्डिंगवाले खलीलभाई डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर सरकवत आले. तो ट्रकवाला गाडी घेऊन आला. एक म्हातारी बाई तर पासबुक घेऊन आली, आत मामांची सही आहे म्हणून. पुन्हा कॉल लागला, मुलीने पुन्हा नाव विचारलं, आणि मामांनी तोंड उघडायच्या आत ओट्याभोवतीच्या सगळ्या गर्दीने त्यांचं नाव एका आवाजात सांगितलं, जयंतीची मिरवणूक असावी तसं. वर खलीलभाई वाकून पडद्यात शिरले. “मॅडम, मैं बोलता ना! मेरे वालिद का खाता मामानेच खुलवाया. और कौन चाहिए तुमको?”

मॅडमला कोणीच नको होतं. पडदा काळा झाला. दुपार कलत होती. नात उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. मामांनी गर्दीकडे एकवार पाहिलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “वर गच्चीत चाला.”

गच्चीवर रेंज होती. मागे पांढरी भिंत पाहिजे असं बँकेचं म्हणणं होतं, ती नव्हती, म्हणून दोरीवर मामांचंच धुतलेलं धोतर आडवं पसरलं. मी कॉल लावून दिला, फोन त्यांच्या हातात नीट धरवला आणि जिन्यात येऊन उभा राहिलो. माझ्या खालच्या पायरीवर खलीलभाई, त्यांच्या खाली ट्रकवाला, आणि खाली अंगणापर्यंत सगळी माणसं. कोणी खोकायचं नाही असं मामींनी बजावलं होतं. वरून मुलीचा आवाज आला, “सर, आता एकटेच आहात ना?”

“हो,” मामा म्हणाले. “कोनी नाही.”

“पूर्ण नाव सांगा.”

धोतर वाऱ्याने फडफडल्याचा आवाज तेवढा येत होता. मग मामांनी नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. एकेक शब्द सुटा, शाळेत हजेरीला उभ्या राहिलेल्या नव्या पोरासारखा. त्यांच्या तोंडून ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. जिन्यात कोणी कोणाकडे बघेना. मामी पदराने उगाच कठडा पुसत होत्या. पुढे जन्मतारीख, कार्ड, मान डावीकडे, मान उजवीकडे, कोऱ्या कागदावर सही. सहीच्या बाबतीत मात्र मुलगी म्हणाली, “वा सर, किती सुरेख सही!” तिला काय माहीत, ती किती कागदांवर घोटून आली होती.

मामा खाली आले. “झालं,” म्हणाले. खलीलभाईंनी टाळी वाजवली, नातीने आजोबांना मिठी मारली, तासाभरात फी गेली. मामींनी सगळ्यांना चहा केला. मामा ओट्यावर टेकले आणि कप खाली ठेवत मला म्हणाले, “जवाईबापू, इतके लोक खाली उभे. मले कोनी ओयखतं का, हे तिनं इचारलंच नाही.”

नात आता धुळ्याला रुळली आहे. बँकेचंही सुरळीत चालू आहे. परवा माझा फोन वाजला. पलीकडून मामांचा आवाज आला, पण ‘मी’ नाही. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं त्या गच्चीवरच्या सुरात, आणि शेवटी “बोलतो आहे.” मी म्हटलं, “कोण? नाही बुवा ओळखलं.”

पलीकडे खलीलभाईंच्या वेल्डिंगचा चरचर आवाज चालू होता. मग मामा उसळून म्हणाले, “आरे, मी!”

“हां, मामा! मग आधी नाही सांगायचं?”